कांदा निळा पडला नाही

गंगापूर रोडवरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवू लागले, ते माझं नोकरीचं पहिलं वर्ष. अकरावीचं प्रात्यक्षिक होतं. पदार्थावर आयोडीनचा थेंब टाकायचा. निळा-काळा रंग आला की त्यात स्टार्च आहे. टेबलावर बटाटा, भात, पावाचा तुकडा ठेवलेला. शेवटच्या बाकावर चांदवडकडून रोज एसटीनं येणारी एक मुलगी बसायची. ती फारशी बोलत नसे. तिनं डब्यातला कांदा काढला आणि विचारलं, "मॅडम, याच्यावर टाकू का?"

"टाक की. कांदाही अन्न साठवतो, निळा होईल," मी म्हणाले.

थोड्या वेळानं ती उठून आली. "नाय होत, मॅडम."

मला वाटलं, तिचं काहीतरी चुकलंय. नवी फोड कापायला लावली. पुन्हा तेच, नुसता आयोडीनचा पिवळट डाग. तिसऱ्यांदा तिनं त्याच बाटलीतला थेंब आधी बटाट्यावर टाकला, तो लगेच काळानिळा झाला. मग कांद्यावर टाकला. काहीच नाही. वर्ग बघत होता. तास संपत आला होता, आणि मी म्हणाले, "बरं, वहीत निळा म्हणून लिही."

वह्या तपासायला घेतल्या तेव्हा तिनं ती जागा कोरी सोडली होती. मला तिचा राग आला, मग स्वतःचाच आला. सोळा वर्षांच्या मुलीनं डोळ्यांना दिसलं तेच खरं मानलं होतं, आणि मी तिला खोटं लिहायला सांगत होते.

त्या दुपारी ग्रंथालयात बसून मी वाचलं. कांद्यात स्टार्च जवळजवळ नसतोच. हे मला एम.एस्सी. करूनही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, "काल माझं चुकलं. हिचं बरोबर होतं." ती मान खाली घालून बसली, पण कान लाल झालेले मला दिसले.

मग मी फळ्यावर काढून दाखवलं. बटाट्यात ग्लुकोजच्या हजारो रेणूंची साखळी स्प्रिंगसारखी पीळ घेते. आयोडीन त्या पिळात शिरून बसतं, म्हणून निळा रंग येतो. ही साखळी पाण्यात सहज विरघळत नाही, छोट्या दाण्यांत गच्च मावते, म्हणून साठवणीला उत्तम. तेच ग्लुकोज वेगळ्या तऱ्हेनं जोडलं की साखळ्या सरळ होतात, शेजारी शेजारी घट्ट चिकटतात. ते सेल्युलोज. कापसाचा धागा त्याचाच, आणि पेशींच्या भिंतीही. ते आपल्याला पचत नाही, पण झाड त्याच्यावर उभं राहतं. कांदा मात्र फ्रुक्टोजच्या आखूड साखळ्या करतो. त्या पाण्यात विरघळतात, पाणी धरून ठेवतात आणि कोंब फुटायच्या वेळी चटकन तुटतात.

तिनं पहिल्यांदाच हात वर केला. "मॅडम, म्हणून उन्हाळ कांदा जास्त टिकतो का? हिवाळ्यात निघणारा लाल कांदा लवकर सडतो."

"माहीत नाही," मी म्हणाले. "शोधून सांगते."

शोधलं तेव्हा थोडं सापडलं. कांदा टिकण्याला बरीच कारणं असतात, पण ज्यात या साखळ्या जास्त आणि लांब असतात, तो बहुधा जास्त टिकतो. मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "मंग आमच्याकडं या ना. आईला सांगा. तिला लय आवडंल."

एका रविवारी द्वारका चौकातून चांदवडची एसटी धरली. घराशेजारी कांदे साठवायची, बांबूच्या पट्ट्यांची कांदाचाळ होती, खालून वारा खेळता. तिची आई आत बसून कांदे निवडत होती. "बाई, बसा," म्हणत तिनं रिकामी गोणी पसरली. हाताला मऊ लागणारे, कोंब आलेले कांदे ती न बघताच बाजूला टाकत होती. मी एक उचलून कापला. मधे हिरवा कोंब, भोवतीचे पापुद्रे सैल.

मी सांगितलं, साठवलेल्या साखळ्या तोडून त्यानं हा कोंब वाढवला.

ती हसली. "म्हणजे त्यो कोंबासाठी साठवतो. आपण मधेच खातो."

मग लेकीकडं बघत हळूच विचारलं, "बाई, हिला याच्यातच पुढं शिकता येईल का? हिच्या बापाचं म्हणणं हाय, बारावी झाली की बास."

मी तिच्या वडिलांशी बोलले. ते शांतपणे ऐकत होते. "बघू" एवढंच म्हणाले, पण चहा झाल्यावर एसटीपर्यंत सोडायला आले आणि कृषी महाविद्यालयाला कोणती परीक्षा लागते ते दोनदा विचारून घेतलं.

दीड वर्षांनी तिच्या आईचा फोन आला. "बाई, लागला नंबर! बीएस्सी अ‍ॅग्रीला." मागून मुलगी ओरडत होती, "आई, मला बोलू दे ना!" पण आईनं फोन सोडला नाही. तिला एक मोठी काळजी होती: वसतिगृहाच्या मेसमधे बाजरीची भाकरी मिळते का? मी तिथं फोन करून विचारलं. रविवारी मिळते म्हणाले.

"एक दिवस तर एक दिवस," मी कळवल्यावर आई म्हणाली. "बाकी दिवस चपाती खाईल."