हात बसला नाही

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे, माफ करा. चौथीनंतर पेन सहीपुरताच धरला. माझ्या मुलीनं हा कागद पाहिला तर फाडून पुन्हा लिहायला लावील.

ती एकोणीस वर्षांची आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी तिला ऑटिझम आहे असं सांगितलं. त्या फेऱ्यांसाठी वहिनीकडून सहा हजार घेतले होते. ते फेडायला मी तिला माझ्याजवळ विड्या वळायला बसवलं. मी दिवसाला आठशे वळायची, ती दोनशे. तेंदूपानाची कड जराशी सरकली तरी ती विडी उकलायची, पुन्हा वळायची. शेजारच्या बाया हसायच्या.

"अवं, लोक जाळूनच टाकतेत ना! कोणासाठी सजवून राहिली?"

पहिल्यांदा माल द्यायला गेलो, तेव्हा पान-तंबाखू देऊन विड्या वळून घेणाऱ्या सट्टेदारानं न बघताच तिच्या मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला टाकल्या. तो सगळ्यांच्याच टाकतो. छाटीचे पैसे देत नाही, पण त्याच विड्या विकतो. आम्ही बोलत नाही. ती बोलली.

"भाऊ, यात काय खराब आहे?"

"हात बसला नाही तुझा."

घरी येऊन ती दोन्ही हातांवर बसली. जेवायलाही उठेना. "माय, आता बसला का?" मी बायांना बोलावून दाखवलं. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग सांगितलं, हात बसणं म्हणजे सराव करणं.

ते तिनं धरूनच ठेवलं. पहाटेपासून वळायची. बोटं चिरली तर चिंधी बांधून वळायची. छाट तरी निघायचीच. परतताना वाटभर विचारायची, "माझी कोणती चुकली?"

एकही नाही, तो चोर आहे, एवढं सांगायला काय लागत होतं? पण ती ते त्याच्या तोंडावर बोलली असती आणि आम्हाला पान मिळणं बंद झालं असतं. शिवाय ती आता सातशेवर गेली होती. मी म्हणायची, "तुझ्यातच खोट असन. अजून वळ."

आता ती माझी विडी चांगली म्हणते, स्वतःची कधीच नाही.

काल मी वहिनीकडे निघाले, तेव्हा तिनं मांडीवरच्या विड्यांच्या सुपातून मान वर केली. "माय, बसला का हात?"

"नाही," म्हटलं आणि चप्पल घातली.

वहिनीनं नोटा दोनदा मोजल्या. सहा हजार पूर्ण फिटले.