सागवानी खाट

भिंतीत मिटणारी खाट बाबांनी निवृत्तीच्या वर्षी करवून घेतली. गोंदियातलं आमचं घर दोन खोल्यांचं. न्हाणीघराकडे जायची वाट मागच्या खोलीतूनच. सुतार आमगावचा होता. अशा खाटेला हलकं प्लाय लावतात, तिला उचलणारे गॅसचे पंपही त्याच अंदाजाने बनतात, असं त्याने सांगितलं. बाबांनी माळ्यावर जपलेल्या सागवानी फळ्या खाली काढल्या. आमच्याकडे घरात सागवान असताना प्लाय लावणं कमीपणाचं मानतात.

"प्लाय कायले? पुठ्ठा आहे तो," ते म्हणाले.

खाट झाली. मिटवायला दोन माणसं लागत. बाबा एकटे उचलत आणि आलेल्या पाहुण्यांना उचलून दाखवत.

दोन वर्षांनी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. रात्री ते खाटेवर झोपत, दिवसा चाकाच्या खुर्चीत बसत. खाट मिटल्याशिवाय खुर्ची न्हाणीघरापर्यंत जात नव्हती. मी नागपूरला वर्तमानपत्रात नोकरीला. पहिला महिना रजा घेऊन मीच खाट उचलली. मग आई-बाबा दोघांना नागपूरला न्यायचं ठरवलं. बाबांनी डाव्या हाताने नकार दिला. मी आईला अट घातली: खाट तिला एकटीला उचलता आली, तर इथेच राहा.

दुसऱ्या सकाळी तिने माझ्यासमोर प्रयत्न केला. खाट गुडघ्यापर्यंत आली आणि हातातून सुटली. मी पुढे होऊन ती मिटवेपर्यंत बाबांचं धोतर खुर्चीतच ओलं झालं होतं. ते भिंतीकडे बघत राहिले.

सुताराला बोलावलं. फळ्या काढून प्लाय टाकू, अर्धं वजन जाईल, असं तो म्हणाला. बाबांना दोन-तीन शब्दच जमत. ते म्हणाले, "राहू दे."

मग नागपुरातून जास्त जोराचे पंप आणले. कापसाची जाड गादी खाटेवर पट्ट्याने बांधून, तिच्यासकट वजन धरून सुताराने ते बसवले. आईने एका हाताने खाट वर नेली.

"काकी तुमच्यापेक्षा तगडी निघाली, बाबूजी," सुतार म्हणाला. बाबांच्या तोंडाची एकच बाजू हसली.

मी नागपूरला परतलो. आईने सात महिने ती खाट रोज उचलली.

बाबा त्याच खाटेवर गेले. गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. गादी त्याच दिवशी बाहेर काढली. तेरवी झाल्यावर आईसाठी मी खाट खाली ओढली. हात सोडला तशी ती आपोआप वर गेली. दोन गोधड्या टाकून पाहिलं, तरी तेच. आई काठावर बसली तेव्हा थांबली. ती उठताच पुन्हा वर. सुताराला फोन केला. नवी गादी टाका, नाहीतर पंप बदलू, दोन्ही सोपं आहे, असं त्याने सांगितलं. आई म्हणाली, घाई नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला नागपूरला चल म्हटलं.

"काऊन? खाट उचलता आली तर राहा, तूच म्हटलं होतं ना?" ती म्हणाली. "आता तर बोटानं उचलते."

अट बाबांसाठी होती. मी एकटाच नागपूरला परतलो.

ती तिथेच राहते, एकटी. चटईवर झोपते. मागच्या खेपेला गेलो, तेव्हा तिने मिटलेल्या खाटेसमोर तांदळाची कोठी सरकवून ठेवली होती.