दवातही न वाकलेला धागा

आठ मे, सकाळचे सहा वाजून बारा मिनिटं. डेलोरेस ट्वेट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून संगणकावरून कॅमेरा इंचाइंचाने डावीकडे सरकवत होती. कॅमेरा होता सहा मैलांवर, नदीकाठच्या ऐंशी फुटी कॉटनवूडच्या झाडावर. खाली पांढऱ्या डोक्याच्या गरुडांचं घरटं आणि त्यात चौतीस दिवसांची दोन पिल्लं.

डेलोरेसने एकतीस वर्षं गावातल्या शाळेत मुलांचं जेवण रांधलं. निवृत्तीनंतर नऊ हंगाम ती पक्षिप्रेमी मंडळाच्या या थेट प्रक्षेपणाची सकाळची पाळी विनामोबदला सांभाळते आहे. नराने कुठला मासा आणला, कुठल्या पिल्लाने किती घास खाल्ले, हे वहीत टिपायचं आणि प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची.

काल धाकट्या पिल्लाच्या पायाभोवती धाग्यासारखं काहीतरी दिसलं होतं. "मक्याच्या कणसाचं साल आहे," असं डेलोरेसने लिहून टाकलं. मक्याच्या शेतांनी भरलेल्या आयोवा राज्यातल्या घरट्यांत ते असतंच. मंडळाचा नियमही कडक: निसर्गात आपसूक घडतं ते घडू द्यायचं, माणसाने टाकलेली वस्तू असेल तरच झाडावर चढायचं.

रात्री दव भरपूर पडलं होतं. घरट्यातली सगळी सालं भिजून लोळागोळा झाली होती. तो एक धागा मात्र वळण धरून ताठ उभा होता.

"व्हर्न, इकडे ये जरा. हे काय आहे?"

नवरा कॉफीचा मग घेऊन मागे उभा राहिला. "गळाची दोरी. नायलॉनची."

"नक्की?"

"पन्नास वर्षं हीच सोडवतोय. माझी असेल तर आत्ताच सांग, मी गोठ्यात झोपायला जातो."

"तुझ्या गळाला मासा लागतो कुठे गरुडाने पळवायला?"

तिने आधी वहीतली कालची नोंद खोडली. मग दोन हजार प्रेक्षकांसमोर लिहिलं: 'काल मी चुकले. ते साल नाही, नायलॉन आहे. पाय सुजलाय.' ओहायोतल्या एका बाईंनी टोमणा मारला, 'मी कालच म्हणत होते.' डेलोरेसने उत्तर दिलं, 'हो, तुम्ही म्हणत होता.'

मग तिने झाडावर चढणाऱ्या आर्डेल क्वामला फोन लावला.

"आजच यायला हवं, आर्डेल. आठवडाभराने पिल्लं तुला बघून, उडता येत नसतानाही, घरट्याबाहेर उड्या मारतील."

"अगं बाई, मी बायकोला आज भाजीचे वाफे करून देणार होतो."

"वाफे कुठे पळत नाहीत."

आर्डेल साडेदहाला दोर लावून चढला. नर-मादी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होते. डेलोरेस कॅमेऱ्यातून दिसेल ते त्याला फोनवर सांगत होती: मोठं पिल्लू मागे सरकलंय, उजवीकडून हात घाल, दोन वेढे आहेत. त्याने दोन्ही वेढे कापले. दोरी कातडीत रुतली नव्हती. अकरा मिनिटांत तो खाली उतरला.

मादी तासाभराने परतली. धाकटं दोन्ही पायांवर उभं राहिलं, पण लंगडत होतं. पाऊण वाजता त्याने माशाचे सात घास खाल्ले. डेलोरेसने आकडा लिहिला, खाली 'सूज अजून आहे' असं जोडलं आणि मगच न्याहारीची बशी पुढे ओढली.

सूज उतरली की नाही, हे उद्या उजेड झाल्यावर कळेल. उद्याचा सूर्योदय पाच पन्नासला आहे. डेलोरेसची पाळी साडेपाचला सुरू होते.