माझ्या वतीने आत्या

कुणाच्या तोंडचा शब्द दुसऱ्याने पळवला की आमच्या आत्याचं पित्त खवळतं, आणि आपल्याकडे शब्द पळवणाऱ्यांना तोटा नसल्यामुळे ते कायमच खवळलेलं असतं. मिसळ खायला गेलो आणि वेटरने बाबांना विचारलं, "मॅडमना तिखट की मध्यम?" की झालंच. "मॅडमना तोंड आहे, त्यांना विचार!" हे ती इतक्या जोरात म्हणते की पलीकडच्या टेबलावर पापड मोडणारे हात थांबतात. एकदा नांदगावला तिच्या शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. मुलाला काहीही विचारलं की उत्तर त्याचे वडील देत. आत्याने थोडा वेळ ऐकून घेतलं, मग पोह्यांची बशी त्या वडिलांच्या हातात देत म्हणाली, "अहो, मग हळदही तुम्हीच लावून घ्या." पाहुणे गेले ते गेलेच. शेजारीण अजून तिच्याशी बोलत नाही. मुलगी मात्र दर दिवाळीला फराळ आणून देते.

बारावीनंतर माझी झोप उडाली. छातीत धडधड, भूक नाही, पुस्तक उघडलं की रडू. तेव्हा आमच्या हॉलमध्ये माझ्यावर बैठक बसली, मला आतल्या खोलीत ठेवून. काका म्हणाले, मोबाइल काढून घ्या. आईने त्र्यंबकला शांती करायची ठरवली. बाबांनी माझं कॉलेज वर्षभर बंद ठेवायचा निकाल दिला. माझ्या डोक्याचं काय करायचं हे ठरवताना ते डोकं तिथे कुणालाच नको होतं! त्या बैठकीचा मला आजही राग येतो. तेवढ्यात नांदगावहून आत्या आली आणि खांद्यावरची पिशवीही न उतरवता बाबांना म्हणाली, "बाळ्या, पोरीला विचारलंस का?"

पन्नाशीचा बाळ्या म्हणाला, "ताई, तिला आत्ता काय कळतंय?"

"तिची झोप गेलीय, अक्कल नाही!"

शांती रद्द झाली आणि आत्या मला मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. नुसतं समुपदेशन करता येईल, सोबत गोळ्या घेता येतील, कॉलेजला थोडी सुट्टीही घेता येईल, असं समजावून त्यांनी मला विचारलं, "तुला काय वाटतं?" मी तोंड उघडणार, इतक्यात आत्या कडाडली, "तिला गोळ्या नकोत! या वयात कसल्या गोळ्या? आणि कॉलेजही सुटणार नाही."

"काकू, हे ती म्हणतेय की तुम्ही?"

"मी तिच्याच वतीने..."

"आत्या, गप्प बस!" मी ओरडले. तिला असं आजवर कुणीच म्हटलं नव्हतं. "मला गोळ्या हव्यात. मला झोपायचंय गं. आणि थोडे दिवस कॉलेज नकोय."

गोळी कशासाठी, तिचा काय त्रास होऊ शकतो, नकोशी झाली तर परस्पर बंद न करता आधी कसं कळवायचं, हे सगळं डॉक्टरांनी माझ्याकडे बघून सांगितलं. समुपदेशनाचा वारही मला विचारून ठरला. आत्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली होती. मला तिची दया आली, पण राग जास्त होता.

हळूहळू झोप परतली, कॉलेजही सुरू झालं. हल्ली माझा विषय निघाला की आत्या तावातावाने पुढे सरसावते, माझ्याकडे बघते आणि थांबते. मग मी बोलते. पण काही दिवस असे येतात की एक शब्दही काढायचं बळ नसतं, आणि तिचं ते गप्प बसणं मला फार लागतं. परवा असाच दिवस होता आणि हॉलमध्ये पुन्हा माझाच विषय निघाला होता. मी तिला हळूच म्हणाले, "आज माझ्यासाठी तू भांड ना."

तिने पदर खोचला. माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "भांडते की. पण काय मागू, ते तू सांग."