सात नंबरचं मचाण

“तिकडे त्याला काही कळणारच नाही. ती जागा त्याने कधी पाहिलेलीच नाही.”

मी केलरमध्ये वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होते. त्या तळघराची खिडकी आतून छताला लागलेली आणि बाहेरून जमिनीच्या पातळीवर आहे, त्यामुळे तिच्यातून माणसांचे फक्त पाय दिसतात. त्या शनिवारी दोन जोड्या दिसत होत्या. चिखल वाळलेले उंच बूट घरमालकांच्या मित्राचे. ते वनखात्यातून निवृत्त झालेले, म्हणून गावात सगळे त्यांना फॉरेस्टरच म्हणतात. पांढरे स्नीकर्स घरमालकांच्या मुलीचे. ती रेगेन्सबर्गमध्ये राहते आणि दर शनिवारी वडिलांकडे येते.

तिने विचारलं, मग इथल्याच रानात का नाही?

“इथे? इथलं झाड न् झाड त्याच्या ओळखीचं. डुक्कर कुठून येतं नि कुठून येत नाही, झोपेत सांगेल. मचाणावर चढायच्या आधीच मला शिव्या घालेल.”

ती हसली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. मी ओला टॉवेल हातात धरून उभी राहिले. मशीनचं दार लावलं तर आवाज होईल, म्हणून ते तसंच उघडं ठेवलं आणि पाय दिसेनासे झाल्यावरच वर आले.

मी पीएचडीसाठी इथे दक्षिण जर्मनीत आले तेव्हा शहरात खोली मिळेना. बसने पाऊण तासावरच्या या गावात मिळाली. वरचा मजला माझा, खालचा घरमालकांचा, स्वयंपाकघर दोघांचं. तोंडाने मी त्यांना नियमाप्रमाणे ‘हेर’, म्हणजे श्रीयुत, आणि आडनाव अशी हाक मारते. मनात मात्र पहिल्या हिवाळ्यापासूनच आजोबा म्हणते. सगळी नोकरी त्यांनी गाड्यांच्या कारखान्यात काढली आणि कारखान्याबाहेरचा सगळा वेळ रानात. इथे गावाच्या रानात शिकार करायचा हक्क काही वर्षांच्या कराराने घेता येतो, आणि हक्काबरोबर जबाबदारीही येते. डुकरांनी मका नासला की शेतकरी थेट दारात. मी यायच्या थोडं आधी त्यांची बायको गेली, आणि त्यानंतर त्यांनी तो करार सोडून दिला. मग उजवा हात थरथरायला लागला. आधी थोडा, मग दिसेल इतका. त्यांनी लोकांसमोर सूप घेणं बंद केलं. काट्यावरून सांडतात म्हणून वाटाणेही आणेनासे झाले. याबद्दल त्या घरात कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

नोव्हेंबरातल्या मोठ्या शिकारीचं ठरलं ते उन्हाळ्याच्या शेवटी. जागा पार उत्तरेला, मेक्लेनबुर्गमध्ये. फॉरेस्टरच्या ओळखीच्या कुणाचं तरी रान. तिथे आपल्या सांबरासारखी थोराड, मोठ्या शिंगांची हरणं, आणि रानडुकरांचे कळप. आमच्याकडच्या कोणीच तो भाग पाहिलेला नव्हता. त्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी खालच्या टेबलावर बैठक बसायची. गाडी कोण चालवणार, कुत्रा कुठे बसणार, कुत्र्याला घेणारं गेस्टहाउस कोणतं. उत्तरेकडच्यांना सॉसेज करता येत नाही, म्हणून सॉसेज इथूनच न्यायचं, यावर मात्र पहिल्याच दिवशी एकमत झालं. मी शाकाहारी असल्यामुळे माझं मत कोणी विचारलं नाही, पण माझ्यासाठी चीज लिहून घेतलं.

कारण मलाही नेणार होते.

उत्तरेहून आलेला नकाशा म्हणजे फिकट झेरॉक्स होती, त्यावर मचाणांचे आकडे हाताने लिहिलेले. माझं काम उपग्रहाच्या छायाचित्रांवर चालतं. आजोबा म्हणाले, तुला नकाशे येतात ना, मग आम्हाला वाचता येईल असा एक काढ. मी काढला. चढउतार, ओढे, मक्याची शेतं, वारा बहुतेक कुठून येतो ते. जनावरांच्या येण्याजाण्याच्या वाटा उत्तरेकडच्या माणसाने फोनवर एकेक करून सांगितल्या, त्या मी तपकिरी बाणांनी दाखवल्या. काम पाहून आजोबा “गेनाऊ, गेनाऊ”, अगदी बरोबर, असं म्हणत राहिले. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, तुला दोन पाय आहेत, तू रान उठवायला चल.

हे काय असतं ते मी फोनवर बाबांना विचारलं. ते म्हणाले, “त्यांना हाकारे म्हणतात. ओरडत जातात आणि जनावर मचाणाकडे काढतात.” मागून आईचा आवाज आला. “ओरडायचं? हिने? अहो, ही रिक्षा थांबवायला हात नुसता कमरेपर्यंत वर करते.” मग तिने फोन हातात घेऊन विचारलं, तिथे वाघबिघ आहेत का, आणि मी असल्या ठिकाणी पुढे पुढे करू नये असंही सांगितलं.

आजोबांनी मला मागच्या बागेत उभं करून ओरडायला लावलं. माझा आवाज सफरचंदाच्या झाडापर्यंतही गेला नाही. त्यांनी मान हलवली. तुझ्या भाषेत ओरड, म्हणाले, डुकरांना जर्मन कुठे येतं. मी “चला, चला” म्हटलं. शेजारचं कुत्रंसुद्धा उठलं नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं केलं, आणि तिसऱ्या दिवशीही. जमत नसेल तर राहू दे, असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

तेव्हाच एकदा, माझा घसा बसला म्हणून आम्ही पायरीवर बसलो होतो. मी त्यांना विचारलं की या वयात इतक्या लांब कशाला. मला वाटलं ते चिडतील. ते आपल्या हाताकडे बघत म्हणाले, वसंतात नेमबाजीच्या चाचणीत कसाबसा पास झालो. तेव्हा हात बरा होता. “आता गोळी सुटेल न सुटेल, ते सोड. एकदा जनावर समोरून येताना बघायचंय. धुक्यातून, आपल्याला न बघता.” मग म्हणाले, हे त्या दोघांना सांगू नकोस, उगाच म्हातारा हळवा झाला म्हणतील.

म्हणून केलरमध्ये ऐकलं तेव्हा मला लगेच सगळं समजलं. कोणाला कोणतं मचाण ते फॉरेस्टर ठरवणार होते, आणि आजोबांच्या नावापुढे सात होतं. सात नंबर रानाच्या टोकाला, डांबरी रस्त्याला लागून. पाठीमागे कुंपण. वारा माणसाच्या अंगावरून थेट रानात जाणारा, म्हणजे त्याचा वास जनावराला आधीच मिळणार. उत्तरेकडच्या माणसाने फोनवर स्वतःच सांगितलं होतं की सात आणि आठ नुसती नावाला आहेत, पाहुणे जास्त झाले तर वापरतो. म्हणजे थरथरत्या हाताने आजोबांना गोळी झाडायची वेळच येणार नव्हती. आणि इतक्या लांब नेण्यामागे सॉसेज, हरणं, जुनी ओळख, काहीही नव्हतं. त्यांना माहीत नसलेलं रान हवं होतं, एवढंच.

ते दोघं वाईट नाहीत. मुलगी वडिलांना प्रत्येक डॉक्टरकडे स्वतः नेते. गाडीतून उतरताना ती हात पुढे करत नाही, नुसती जवळ उभी राहते, कारण हात दिलेला त्यांना चालत नाही. फॉरेस्टर चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर रानात गेलेत. रायफल घेऊ नकोस असं मित्राला तोंडावर सांगण्यापेक्षा त्यांनी अख्खा जर्मनी ओलांडायचं ठरवलं. मी हे सगळं बघत होते, आणि तरीही मला त्या रात्री शाळेतले शुक्रवार आठवत राहिले.

माझ्या शाळेत, नाशिकला, दर शुक्रवारी एकेका मुलाला वर्गासमोर उभं राहून इंग्रजीत पाच मिनिटं बोलावं लागे. माझी पाळी कधी आली नाही. मला ते नशीब वाटायचं. गुरुवारी मी देवाला नमस्कार करायची आणि शुक्रवारी बचावायची. दहावी झाल्यावर आई सहज बोलून गेली की तिने बाईंना भेटून सांगितलं होतं, हिला उठवू नका, ही घाबरते. आईने मायेनेच केलं. मी खरंच घाबरत होते. पण ते कळल्यावर मी ते सगळे शुक्रवार मनात पुन्हा काढून पाहिले. बाई माझ्या बाकाशी येऊन कशा पुढे जायच्या, शेजारची मुलगी तेव्हा कशी खाली बघायची. तिलाही माहीत होतं का? अजून मला ते ठरवता येत नाही. आईला मी कधी विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी मुलगी वर माझ्या खोलीत आली. आधी तिने माझ्या कुंड्यांचं कौतुक केलं. मग दार लोटून, आवाज खाली आणून तिने मला सगळं सांगितलं. मला माहीत आहे हे मी दाखवलं नाही. शेवटी तिने विचारलं की नकाशावर सातजवळ एकदोन बाण काढता येतील का. बाबा रोज भिंग घेऊन बसतात, सातपुढे हात ठेवून विचारतात की इथे काय येईल. दोन बाण दिसले तर त्यांचे हे दोन महिने आनंदात जातील. तिचे डोळे भरले होते.

मी “बघते” म्हणाले. जर्मनमध्येही असं म्हणता येतं, आणि ऐकणाऱ्याला त्यातून हवं ते घेता येतं. तिने माझा हात दाबला.

मी बघितलं. लॅपटॉप उघडून सातजवळ एक तपकिरी बाण ठेवला. दोन क्लिकचं काम. तो ओढ्याकडून येऊन मचाणासमोरून वळत होता आणि अगदी खरा वाटत होता. मी तो काढून टाकला. मग काय करायचं ते मात्र सुचलं नाही. मी भाडेकरू होते, परदेशी होते, आणि त्या घरात मला सगळ्यांनी चांगलंच वागवलं होतं.

निघायच्या आधीच्या शनिवारी शेवटची बैठक झाली. मी मोठा छापून आणलेला नकाशा टेबलावर पसरला. त्याच्या चार कोपऱ्यांवर बिअरचे ग्लास, मोहरीची बाटली आणि माझा चहाचा कप ठेवला. आजोबा भिंग घेऊन वाकले. उजवा हात डाव्याने धरला होता. फॉरेस्टर चार नंबरवर बसणार होते. तिथे तीन बाण एकत्र येत होते, आणि ते त्यावरून स्वतःचीच चेष्टा करत होते, की इतकी जनावरं आली तर मी घाबरून खाली पडेन. आजोबा हसले. भिंग हळूहळू रानाच्या टोकाकडे सरकलं आणि सातवर थांबलं.

त्यांनी विचारलं, इथे काहीच कसं नाही?

मुलीने माझ्याकडे बघितलं. फॉरेस्टर मोठ्याने म्हणाले, अरे, सात एकदम झकास आहे, मी स्वतः फोनवर विचारलंय. नकाशाचं काय घेऊन बसलास? पोरगी हुशार आहे, पण तिने रान बघितलंय कुठे? आकाशातून बघते ती. राहून गेलं असेल काहीतरी.

त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. त्यांनी माझ्यासाठी वाटच करून दिली होती. हो, राहून गेलं, एवढंच म्हणायचं होतं मला.

आजोबा सरळ झाले. माझ्या कामाबद्दल कोणी हलकं बोललं की ते नेहमी चिडायचे, पण या वेळी चिडले नाहीत. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि मलाच विचारलं, “राहून गेलं का?”

पुस्तकात वाचून शिकलेलं सगळं जर्मन डोक्यातून निघून गेलं, आणि जे उरलं त्यातून मी बोलले, एकेक शब्द शोधत, नकाशाकडे बघत.

“राहून नाही गेलं. सातवर काही येत नाही. म्हणूनच तुम्हाला सात दिलंय, तुमच्या हातामुळे. तुम्हाला घरी ठेवून जायचं त्यांच्या मनात नाही, आणि तुम्हाला सांगायचा त्यांना धीर होत नाही.” मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. “चार नंबरच्या मचाणावर दोघं बसू शकतात. तुम्ही तिथे फॉरेस्टरच्या शेजारी बसाल का, रायफल न घेता?”