थोर पुरुष आणि दोन बकरे

आमच्या दिल्लीच्या मराठी मंडळातल्या लोकांचा मला अजून राग येतो आणि तो जावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. चारचौघांत लहान मुलीला हसण्यात काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर वाचावं.

मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांची भाषणस्पर्धा होती. विषय ग्रुपवर आला: ‘माझे आवडते थोर पुरुष’. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. जन्म गुरुग्रामचा, शाळा इंग्रजी, सोसायटीत खाली खेळायला उतरली की हिंदी. मराठी फक्त घरात आणि रविवारी सांगलीला माझ्या वडिलांशी फोनवर. खरं सांगायचं तर त्या फोनवरच तिचं मराठी जगत होतं. ‘आजोबा, माझा पोट दुखतो,’ असं ती सांगायची आणि ते ‘अरे अरे, कुठे दुखतंय पोट?’ असं म्हणून तिच्या नकळत वाक्य सरळ करायचे. चूक दाखवली असं तिला कधी वाटलंच नाही.

विषय तिचा तिनेच वाचला. शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी तिला येते. पण ‘थोर’ हा शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता. कसा ऐकणार? आमच्या घरात सगळं ‘ग्रेट’ असतं. तिला ठाऊक असलेला थोर एकच: कॉमिकमधला हातोडीवाला, बर्फाळ देशांतला विजेचा देव. तिच्या हिंदी कॉमिकवर त्याचं नाव अगदी असंच छापलेलं होतं. तिला वाटलं, वा, मंडळाने माझ्याच आवडीचा विषय दिला!

‘आई, तू ऐकायचं नाही हं, सरप्राइज आहे,’ म्हणून तिने दार लावून तयारी केली. शाळेच्या लायब्ररीतून त्या देवाच्या जुन्या पुराणकथांचं पुस्तक आणलं. शब्द अडला की सांगलीला फोन. ‘आजोबा, चॅरिअटला काय म्हणतात? आणि थंडरला?’ त्यांनी रथ सांगितला, गडगडाट सांगितला. कशासाठी हवंय, हे तिने त्यांनाही सांगितलं नाही.

पुठ्ठ्याची हातोडी घेऊन ती स्टेजवर चढली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण तोवर तिने सुरुवात केली होती आणि काय बोलत होती पोरगी! ‘माझे आवडते थोर पुरुष देव आहेत. त्यांच्या वडिलांना एकच डोळा आहे. त्यांचा रथ दोन बकरे ओढतात. रात्री ते बकरे मारून खातात आणि सकाळी हातोडी फिरवून परत जिवंत करतात. त्यांचा रथ चालला की आपल्याला गडगडाट ऐकू येतो.’ कुठे अडखळली नाही. आणि देव आहे म्हणून शेवटपर्यंत ‘ते’, ‘त्यांचा’. आमच्या हिंदाळलेल्या घरात तिने हा आदर कुठून उचलला होता, देव जाणे.

पहिल्या बकऱ्यालाच हशा सुरू झाला होता. मग अध्यक्ष उठले. केंद्र सरकारातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी तिच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, ‘अगं बाळ, हा कसला थोर? हा तर बकरीचोर!’ झालं. सगळं सभागृह खिदळायला लागलं. शेजारच्या काकूंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. माझी मुलगी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, कारण विनोद काय झाला तेच तिला कळलं नव्हतं. अर्धं भाषण बाकी होतं. ते कुणी ऐकलंच नाही.

बक्षीस कुणाला मिळालं? ज्याची आई स्टेजखाली रोमन अक्षरांतलं भाषण धरून उभी होती, त्याला. त्याला एका शब्दाचा अर्थ विचारला असता तर तत पप झालं असतं. पण त्याचा थोर पुरुष बरोबर होता ना!

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ ग्रुपवर फिरला. खाली हसून लोळणारे चेहरे. ‘सो क्यूट!’ मुलीने तो बाबाच्या फोनवर पाहिला, पुन्हा पाहिला आणि फोन उलटा ठेवून दिला. त्या दिवसापासून ती मराठी बोलेनाशी झाली. मी मराठीत विचारायचं, तिने हिंदीत उत्तर द्यायचं. नवरा म्हणाला, ‘यार, जाने दे ना. बच्ची आहे, विसरेल.’ त्या एका वाक्यात दोन भाषांचा खून केलेला ऐकून मी त्याच्यावरही उखडले.

काही दिवसांनी अध्यक्षांचाच फोन आला. स्नेहसंमेलनात मुलीने ‘तोच आयटम’ पुन्हा करावा, लोक फार एन्जॉय करतात म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘तिने तोंड मिटलंय, माहीत आहे तुम्हाला?’ मी विचारलं. ‘अहो, गंमत होती. मनावर काय घेता?’ ‘तुमची नातवंडं कुठल्या भाषेत बोलतात हो तुमच्याशी?’ ‘तो प्रश्न वेगळा आहे,’ ते म्हणाले. ‘वेगळा कसा? तुम्हाला मराठी मुलं हवीत ती टाळ्या वाजवायला आणि फिदीफिदी हसायला!’ मी फोन आपटला आणि ग्रुपमधून बाहेर पडले. जळलं मेलं ते मंडळ.

पण माझ्या भांडणाने काय होणार होतं? रविवारी फोन यायचा आणि मुलगी नुसतं ‘हो’, ‘नाही’, ‘बरी आहे’ म्हणून तो माझ्याकडे द्यायची. वडील विचारायचे, ‘दमली का गं ती?’ मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. शेवटी एकदा रडत सगळं सांगून टाकलं.

पुढच्या रविवारी मी पोळ्या लाटत होते. हॉलमधून मुलीच्या हसण्याचा आवाज आला, किती दिवसांनी! फोन स्पीकरवर होता आणि जन्मात सांगलीबाहेर फारसे न गेलेले माझे वडील ओरडून सांगत होते, ‘बेटा, आज मांजरने सगळा दूध सांडाया!’ ‘सांडाया नहीं आजोबा, गिराया! और मांजर नहीं, बिल्ली!’ ती सोफ्यावर लोळत होती. मग तिने त्यांना शाळेतलं सगळं सांगितलं. हिंदीत. भडाभडा.

मी पिठाच्या हातानेच फोन हिसकावला आणि स्पीकर बंद केला. ‘बाबा, निदान तुम्ही तरी मराठी सोडू नका! तुम्हीच असं केलंत तर संपलंच की सगळं!’

‘अगं, मराठीत बोललो की ती गप्प बसते,’ ते म्हणाले. ‘तिला भीती वाटते, आपण चुकू. म्हणून म्हटलं, मीच चुकतो. हसू दे की तिला माझ्यावर. हसता हसता बोलते तरी ती माझ्याशी. दे तिला फोन.’

मी फोन तिच्या हातात दिला.