साडेतीनच्या गाडीआधीचा फोटो

आमच्या घरात भिंतीवर वडिलांचा फोटो आहे. त्यात त्यांनी निळा कोट घातलाय. वडिलांनी जन्मात कोट घातला नव्हता. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एक धड फोटो सापडेना. साखर कारखान्याच्या सभासद कार्डावर तिकिटाएवढा होता, तोच इस्लामपुरात नेऊन मोठा करून घेतला. पण खांद्यावर कार्डाचा जांभळा शिक्का उमटलेला. तो काही केल्या निघेना, म्हणून फोटोवाल्यानं शिक्क्यावरून कोट चढवला. आम्हाला विचारलंसुद्धा नाही. आई हार बदलताना अजून म्हणते, "सायेब दिसत्यात. पर आपलं वाटत न्हाईत."

आईचं असं होऊ द्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं करणारी मी पहिली. बी.कॉम. झाले, सांगलीत पतसंस्थेत नोकरी लागली. त्या पगारातून मी कॅमेरा घेतला. लोक म्हणाले, मोबाइल असताना कॅमेरा कशाला? मोबाइलमधले फोटो मोबाइलबरोबर मरतात, हे मला दोनदा कळलं होतं.

कॅमेरा आणला आणि आठवड्यात मामा भेटायला आले. मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ. लष्करातून हवालदार होऊन आलेले, वडूजकडं कोरडवाहू रान करायचे. आता गुडघे गेले, म्हणून मुलाकडं पुण्याला राहायला निघाले होते. कायमचे. घराला कुलूप लावायच्या आधी बहिणीला भेटून जावं म्हणून एका दिवसाकरता आले. पाच भावंडांतली ही दोघंच उरलेली, आणि दोघांचा मिळून एकही फोटो नाही. त्यांची गाडी साडेतीनला होती.

सकाळी मी सरावाला म्हणून तीन फोटो काढले. एक म्हशीचा, एक दाराचा, एक आई भाकरी थापत होती तिचा. तिन्ही आले. मग मामांनी कॅमेरा हातात घेतला. रायफल घ्यावी तसा उलटापालटा केला, सगळी बटणं दाबून बघितली आणि म्हणाले, "हलकाय. मार लांब बसायचा न्हाई ह्याचा."

जेवणं झाल्यावर दोघांना ओसरीवर बसवलं. आईनं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं. मामांनी फेटा बांधला आणि हजेरीला उभं राहिल्यासारखे ताठ बसले. फोटो हलू नये म्हणून मी स्टुलावर पिठाचा डबा ठेवला, त्यावर कॅमेरा. आणि म्हटलं, "आता हलू नका. हसूपण नका, घरात लावायचा फोटो आहे."

बटण दाबलं. पुढचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला. फोटो काही निघाला नाही.

पुन्हा दाबलं. दिवा लुकलुकला, बाकी काही नाही. कॅमेरा बंद करून चालू केला. बॅटरी काढून फुंकून बसवली. ती तर रात्रभर चार्ज केलेली होती. कार्ड काढलं, पुसलं, घातलं. काच पदराच्या टोकानं पुसली. दर वेळी दोघं तशीच ताठ बसायची, श्वास धरून, आणि दर वेळी मीच म्हणायचे, सोडा आता.

"तटलं काय गं?" आईनं विचारलं.

"बघते."

"सेफ्टी लागलीया काय बग," मामा म्हणाले. "आमच्याकडं नव्या पोरांचं हेच व्हायचं. घोडा दाबत्यात, गोळी सुटत न्हाई, आन् पोरगं रडकुंडीला येतंया."

"मामा, ही बंदूक नाही."

"न्हाई ना? मग एवढी घाबरतीस कशाला?"

मी माहितीपुस्तक काढलं. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. शेवटी बिघाडांचं पान होतं, तेवढं ओळीनं वाचलं. बॅटरी संपली आहे का? नाही. कार्ड भरलं आहे का? नाही. कार्डाची खिटी लावली आहे का? नाही. आई मामांकडं बघून हळूच म्हणाली, "इंग्रजीत हाय, पर वाचती." एरवी हे ऐकून मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी पुस्तक भिरकावून द्यावंसं वाटलं. गॅसचा फॉर्म, मोटारीचा स्टार्टर, बँकेचा मेसेज, सगळं 'ती शिकल्याली हाय' म्हणून माझ्याकडं येतं. आणि मला हे सगळं येतं असं मीच सगळ्यांना वाटू दिलंय.

शेवटी सांगलीच्या दुकानात फोन लावला. पलीकडचा म्हणाला, "मॅडम, कार्ड फॉरमॅट करा, सुरू होईल." केलं. सुरू झाला नाहीच, वर सकाळचे तिन्ही फोटो पुसले गेले. भाकरीचा गेला याचं वाईट वाटलं. आईला सांगितलं नाही.

अडीच वाजून गेले. स्टँड गाठायचा तर तीनला निघायला हवं होतं. मी एकदा शेवटचं म्हणून बटण दाबलं आणि जोत्यावर बसले. दिवा आपला लुकलुकत होता. पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळं हसरं तोंड होतं. ते सकाळी नव्हतं की माझ्या ध्यानात आलं नव्हतं, कोण जाणे. मला वाटलं, असेल कंपनीची खूण.

"ऱ्हाऊ दे गं," आई म्हणाली. "न्हाई तर न्हाई. आजवर कुटं व्हता फोटू?"

ती हे माझी समजूत घालायला म्हणाली, पण मला ते फार लागलं. आई आणि मामा पुन्हा कधी एका ओसरीवर बसणार होते?

मामा फेटा काढायला लागले. काढता काढता म्हणाले, "आक्के, तुला आठवतं का? जत्रंत तो फोटूवाला काळ्या फडक्यात तोंड घालायचा. तू थोरल्या आन्नाला म्हनलीस, ह्याला थंडी वाजतीया, चादर द्या."

"मी कवा म्हनलं? तूच म्हनलास आन् मार मला बसला."

"मग? लहान व्हतो मी."

"लहान व्हता म्हनं. मिशा फुटल्या व्हत्या तुला."

आणि आई हसली. तोंडावर पदर घ्यायचंही विसरली. मामा अर्धा सुटलेला फेटा हातात धरून हसले, पुढचे तीन दात नाहीत त्या खिडकीसकट.

पिठाच्या डब्यावर कॅमेरा वाजला. मग पुन्हा वाजला.

मी उठून बघितलं. दोन फोटो निघाले होते. तेव्हा कुठं ते पिवळं तोंड माझ्या डोक्यात शिरलं. समोरचा माणूस हसला तरच फोटो निघेल, असं एक बटण त्यात होतं. मामांनी दाबलं की पुसताना माझ्या अंगठ्यानं, ते आता सांगता यायचं नाही. पण दीड तास त्यांना हसू नका म्हणून मीच दटावत होते.

खरं ते सांगितलं. मामा म्हणाले, "म्हंजी यंत्र शाणं हाय." पुढचं बोलले नाहीत. एवढी दया केली.

बटण फिरवलं, फेटा पुन्हा बांधला. आई म्हणाली, "आता नीट काढ. भिंतीवरच्या फोटूत कोण हासतं व्हय?" तसाही एक काढला, पहिल्या झटक्यात आला. मग धावतपळत स्टँड गाठला. मामांना खिडकीची जागा मिळाली. गाडी हलली तरी मी कॅमेरा गळ्यात तसाच घेऊन उभी. तेव्हा फोटो काढायचं सुचलं नाही.

पुढच्या शनिवारी सांगलीत दोन्ही फोटो मोठे करायला टाकले. हसरा बघून फोटोवाला म्हणाला, "आजोबांचे दात भरून देऊ? फेटापण नीट करता येईल." मी म्हटलं, काही भरू नका, काही घालू नका.

गंभीर फोटो आईनं नव्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलाय. लागंल तवा काढ, म्हणाली. हसरा तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, आल्यागेल्याला दिसू नये म्हणून. मामांना दोन्ही पाठवले. त्यांचा फोन आला, "तो ताठ बसल्याला कशाला धाडलास? जामीन ऱ्हायला आल्यावानी दिसतोय आमी."